सोयाच्या दुधाचा फेस

गारगोटी, ९ डिसेंबर १९९८

ती. अव्वास नमस्कार.

सकाळी सहाला यांच्या सोयादूध केंद्रात आले. भिजलेलं सोयाबीन दळून दूध गाळलं आणि वाफेवर ठेवलं. हे गेल्याला दोन महिने झाले. तेव्हापासून बंद असलेलं यंत्र आज मी चालवलं. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

फेस चढताच मदतीला आलेल्या कालिंदीवहिनी ओरडल्या, "आगं, दूध वर आलं की! बंद कर, किती जाळतीस?" त्यांना म्हशीच्या दुधाची सवय. हे नेहमी सांगायचे, सोयाचा फेस फसवतो. तो चढल्यावरही वीस मिनिटं उकळायचं, नाहीतर मुलांना उलट्या होतात. पण मी घाबरून वाफ बंद केली. मग पुन्हा सुरू केली आणि यांच्या घड्याळावर वीस मिनिटं पहिल्यापासून मोजली. तरी शिजलं की नाही, खात्री वाटत नाही. हे दूध जायचं त्या बालवाडीत साठ मुलं आहेत.

अप्पांचा खोकला कमी झाला का? तुला सवड असेल तर चार दिवस ये. घाई नाही.

वहिनी घरी गेल्या. पेलाभर दूध मी प्यायले आहे. तासाभरात मला काही झालं नाही, तर डबे पाठवीन. तोवर गाळायचं फडकं धुते.

तुझी विद्याश्री