बोल्ट घेऊन जा

प्रिय लोवेल,

ज्याच्या कृपेने आजची सकाळ उजाडली आणि ज्याच्या दयेवर आम्ही दोघे म्हातारे अजून तगून आहोत, त्या प्रभूची शांती तुझ्या घरावर राहो.

बर्फ पडू लागल्यापासून मी मंडळीच्या उपासनेला आलो नाही, हे तुझ्या लक्षात आले असेलच. दार उघडे दिसले की व्हर्ना चालू लागते, तेही अनवाणी, गोठलेल्या तळ्याच्या दिशेने. म्हणून दोन्ही दारांना आतून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. मी आयुष्यभर व्यासपीठावरून बंदिवानांच्या सुटकेचा उपदेश केला. आता बायकोसाठी लावलेले कुलूप मलाही तितकेच कोंडून ठेवते आहे.

तुला ठाऊक आहे, तुझ्यासारख्याच हौसेने मी जमवलेल्या या जुन्या रायफली सैनिकांना नेम शिकवण्यासाठी घडवलेल्या. पॉइंट टू-टूचे बारीक काडतूस आणि समोर कागदाचे लक्ष्य. युद्धाला कधीच न गेलेली शस्त्रे म्हणून पाळकाच्या घरातही त्या शोभल्या. व्हर्नाची त्यांच्याशी ओळख माझ्याही आधीची. कॉलेजात मुलींच्या नेमबाजी संघात ती अशाच रायफलीवर शिकली. आज तिला माझे नाव आठवत नाही. पण रिकाम्या रायफलीचा चामडी पट्टा हाती दिला की ती डाव्या दंडाला बिनचूक वेढा देते, गालिच्यावर पालथी पडते आणि तिचा श्वास संथ होतो. दिवसातून तेवढाच वेळ आम्ही दोघे एका घरात असतो.

आमची मारिट फोनवर म्हणते, “बाबा, हट्ट पुरे झाला. एक तर बंदुका जातील, नाहीतर आई वृद्धांच्या संस्थेत जाईल. तुम्हीच ठरवा.” तिचे चुकत नाही. मला मात्र दोन्हीकडे भिंतच दिसते.

गेल्या गुरुवारी दुपारी मी वाटाण्याचे सूप ढवळत होतो. तेवढ्यात व्हर्नाला माझ्या जुन्या कोटाच्या खिशात एक काडतूस सापडले. मी वळलो तेव्हा ते रायफलीत गेले होते आणि मागचा सरकता खटका, बोल्ट, बंद झालेला होता. ती दरडावून म्हणाली, “रेषेच्या मागे हो. गोळीबार चालू आहे, दिसत नाही? याला संघात घेतलं तरी कुणी?” मी शिकाऊ पोरासारखा रांगत तिच्या शेजारी गेलो. तिने हसून रायफल माझ्या हाती दिली. “घे, आता तुझी पाळी.”

अशा वेळी प्रथम बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढायचे, हे आपण पहिल्याच दिवशी शिकतो. लोवेल, मी बोल्ट उघडला नाही. रायफल मांडीवर घेऊन, सूप करपल्याचा वास येईपर्यंत तसाच बसून राहिलो. या घरातून सुटण्याचा विचार इतक्या शांतपणे माझ्या मनात पूर्वी कधी आला नव्हता.

हे फोनवर बोलता आले नसते, म्हणून हे पत्र. ते मिळताच ये आणि सगळे बोल्ट, सगळी काडतुसे तुझ्या घरी ने. रायफलीवरचाच क्रमांक कोरलेला तिचा मूळ बोल्ट तिच्यापासून वेगळा करणे आपल्या संग्राहकांत पाप मानतात. बंदुकांच्या मेळ्यात भलताच बोल्ट बसवणाऱ्या एका विक्रेत्याला तू सुनावले होतेस, “अरे, दुसरीचा नवरा आणून हिच्या घरात बसवलास की!” तरीही वेगळे कर. रिकाम्या रायफली व्हर्नासाठी राहू दे. मी पुढे कितीही कारणे सांगितली तरी बोल्ट परत देऊ नकोस. आणि लगेच निघू नकोस. तू शेजारी बसलास की मी मारिटला गुरुवारचे सांगेन, येऊन राहा म्हणेन. एकट्याने ते माझ्या तोंडून निघत नाही. भीती व्हर्नाची नाही, माझी आहे.

हे शब्द ज्याच्या कुणाच्या दृष्टीस पडतील, त्याच्या बंद दारापाशी प्रभू वेळेवर एखादा मित्र पाठवो, आणि त्याला दार उघडण्याचे बळ देवो.

तुझाच,
थोरवाल्ड