दस्तात लिहिलेली खोली

८ जाने. १९५३
आज पुन्हा एक घरमालक. खोल्या दाखवल्या, नळ दाखवला, चहा टाकायलाही आत सांगितले. मग विचारले, राहणार कोण कोण? मी आणि धाकटा भाऊ दत्तू. मिरजेला क्षयाच्या दवाखान्यात होता, पुढच्या महिन्यात सुटतोय. चहा काही बाहेर आला नाही. हा सातवा. पण खोटे सांगून दत्तूला घरात घ्यायचे नाही. तो काही चोरी करून येत नाही. आता विकतच घेते घर, काय व्हायचे ते होऊ दे.

१९ जाने.
शाहूपुरीच्या मागे घर पाहिले. मालक गुळाचे व्यापारी, निपाणीकडचे. सगळे अण्णा म्हणतात. पुढे दोन साध्या खोल्या, पण मागे परड्यात एक सुटी खोली! समोरासमोर खिडक्या, सकाळचे ऊन थेट आत. डॉक्टरांनी हेच सांगितलेय: वेगळी खोली, वारा, ऊन. तिथेच उभ्या उभ्या ठरवले. आजाराचे आधीच सांगून टाकले. अण्णा म्हणाले, "असू दे की, तंगी. माणूस बरा हून यायलाय न्हवं?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. चाळिशीनंतर कुणाची तरी धाकटी झाले, बरे वाटले.
परड्यातल्या खोलीला कागद नाही, हेही त्यांनीच सांगितले. "तवा संस्थान हुतं. सायेब आलं, बगितलं, मान हालवली, गेलं. झाली परवानगी."

२ फेब्रु.
वकील म्हणाले, दस्तात पुढचे घर तेवढे लिहू. परड्यातल्या खोलीचे नाव काढू नका, कोण विचारतंय. अहो, मी घर घेतेय ते त्या खोलीसाठी, आणि तीच लिहायची नाही? "बाई, हे शाळेत शिकवायला ठीक आहे." डोके भडकले. लांबी-रुंदीसकट लिहायला लावली. खरेदी झाली. पाटल्या गेल्या. गेल्या तर गेल्या.

२१ फेब्रु.
दत्तू आला. टांग्यातून उतरला तो रुमाल तोंडाशी धरून, मान खाली. बत्तीस वर्षांचा पुरुष. आळी खिडक्यांतून बघत होती. खोली दाखवली. त्याने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि पोटभर रडून घेतले.

११ मार्च
म्युनिसिपालटीची नोटीस. घरपट्टीला माझे नाव लागावे म्हणून दस्ताची नक्कल दिली होती. कारकुनाने नकाशाशी ताडून पाहिली. दस्तात खोली आहे, नकाशात नाही. बिनपरवाना बांधकाम, तीस दिवसांत पाडा.
म्हणजे मीच लिहून दिले. वकील हसत असतील. हसू देत.

१४ मार्च
म्यु.त गेले. अण्णा आपणहून साक्षीला आले. साहेबांनी मान कशी हलवली ते करून दाखवले. कारकून म्हणाला, "त्या मानंची नक्कल मिळंल काय कुटं?" सगळे ऑफिस हसले. अण्णा कानडीत काहीतरी कडकडले. मला कळले नाही ते बरेच झाले.
खोली कायम करा, असा अर्ज दिला. कमिटीपुढे जाणार. कधी? "कमिटी बसली की."

२ एप्रिल
ओव्हरसियर टेप घेऊन आला. माणूस वाईट नाही. दत्तू खोकला दाबत पुढच्या घरात जाऊन उभा राहिला, ते बघवेना. ओ. म्हणाला, "जोतं हाय, भिंती हायत, वर छप्पर हाय. मग इमारतच की. छप्पर नसतं तर मी बी काय लिवलं नसतं."
छप्पर नसतं तर.

५ एप्रिल
कौले उतरवली. पदर खोचला, शिडी लावली. दत्तूला हात लावू दिला नाही, त्याला जड उचलायचे नाही. दुपारपर्यंत नुसते वासे राहिले. खांदे भरून आलेत. दत्तू कॉटवर पडून हसला, इथे आल्यापासून पहिल्यांदा. "डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितलेली, अक्का. तू सगळं आभाळच दिलंस की."

१० एप्रिल
नोटिशीची मुदत संपली. ओ. हजर. वर बघितले, माझ्याकडे बघितले. "बाई, चेष्टा करताय व्हय आमची?" म्हटले, नियम तुमचाच. 'छप्पर नाही' असे लिहून घेऊन गेला.

३ मे
दत्तूचे वजन पाच पौंड वाढले! दुपारच्या उन्हाला वाशांवर चटई टाकते, संध्याकाळी काढते. चटईला छप्पर म्हणत असतील तर म्हणोत.

१७ मे
काल वळवाने झोडपले. दत्तूचे अंथरूण भिजले. त्याला पुढच्या खोलीत आणेपर्यंत तो ओलाचिंब, रात्रभर ताप. मी फार भ्याले. माझ्या हट्टापायी पुन्हा मिरज तर नाही ना...
आज सकाळी उठून बघते तर ट्रंक भरलेली. "मी बिद्रीला मामाकडं जातो, अक्का. किती भांडशील माझ्यापायी?" मामांकडे म्हणजे गोठ्याशेजारी झोपायचे. मी ट्रंकेवर जाऊन बसले. तो ऊठ म्हणाला, विनवू लागला, चिडला. भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही. शेवटी त्यानेच जाऊन उतरवला.

२० मे
ताप गेला. कमिटी अजून बसायचीच आहे. जोतिबाच्या डोंगराकडे रोज आभाळ भरून येते. म्यु.ला पत्र दिले, पोच घेतली: 'दि. २३ रोजी सकाळी आठ वाजता मी खोलीवर कौले चढवीत आहे. यावयाचे असल्यास यावे.' कारकुनाने दोनदा वाचले.

२३ मे
ओ. आठला हजर. मी शिडीवर. "बाई, मी बगितलं तर मला लिवावं लागतंय." लिहा. तो उंबऱ्यावर बसून लिहू लागला, मी कौले लावत राहिले. निम्मे छप्पर झाल्यावर हळूच म्हणाला, "वापर काय लिवू? अडगळीची खोली लिवतो. दंडावर भागंल, पाडायचं न्हाय."
मनापासून बोलत होता. मला क्षणभर मोह झाला. खाली दारात दत्तू उभा होता. या वेळी आत गेला नव्हता.
म्हटले, अडगळ लिहू नका. राहायची खोली लिहा. माझा भाऊ राहतो.
"मग नोटीस परत येणार बगा."
येऊ दे.
त्याने लिहिले. मी खाली उतरून वाचले आणि सही केली. अजून तीन ओळी कौले राहिलीत, चहा घेऊन चढते. दत्तू आत झोपलाय, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून.