थाई मालिका आणि वकिलाचा कोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो प्रत्यक्षात घालणं आता जमत नाही, म्हणून कागदावर आडवा झालोय असं समज.) तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? गोळी रोज सकाळी घेतेस, की आठवली की? तुझ्या भावजयीने तुला नमस्कार सांगितलाय, आणि मला सांगितलंय की सरळ लिहा, फाटे फोडू नका. तुझी अट माझ्या लक्षात आहे. चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या चिरंजीवांनी तुला सांगितलं की आपण त्या मित्राबरोबर राहतो ते काही नुसतं भाडं वाटून घ्यायला नाही. त्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, आणि मामा म्हणून मी मध्ये तोंड घालायचं नाही असं माझ्याकडून वदवून घेतलंस. फोनवर मी नुसतं 'तो' म्हटलं तरी तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. (एकटं माणूस दिवसातून किती वेळा दूध तापवतं गं?) म्हणून पत्र लिहायला घेतलं. घाबरू नकोस, यात त्याचा विषय नाही. विषय एका थाई मालिकेचा आहे.

त्याचं असं झालं, शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला आलेल्या नर्सबाईंना हुक लावून होईपर्यंत थांबायचं होतं. त्या मोबाइलवर काहीतरी बघत एकट्याच हसत होत्या. आमच्या भावजयीला (म्हणजे तुझ्या, माझी बायको) दुसऱ्याचं हसू फुकट गेलेलं चालत नाही. तिने विचारलं, आणि बाईंनी ती मालिका आमच्या दुकानातल्या टीव्हीवर लावून दिली. दोन तरुण मुलं, दोघंही इंजिनिअरिंगला, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. मी म्हटलं, बंद कर, गिऱ्हाईक येईल. ती म्हणाली, हुक लावून होऊ द्या. हुक लावून झाले, नर्सबाई ड्यूटीवर गेल्या, आणि आमचे चार भाग बघून झाले. आता तूच म्हणशील की या वयात भलतीच थेरं. मीही पहिल्या भागाला तेच म्हणालो होतो. शिवाय मी ती बघतो फक्त कपड्यांच्या अभ्यासासाठी, हे इथेच स्पष्ट करतो.

माझी नजर सुईवर, त्यामुळे खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचायला मला फुरसत नाही. त्या भावजय वाचते आणि काज करता करता मराठीत सांगते. आता तिचा आवाज तुला ठाऊक आहे. 'तुझ्याशिवाय माझा दिवस जात नाही' हे वाक्य ती 'नळ बंद केला का' याच सुरात म्हणते. प्रेमाच्या ओळी आल्या की लाजून आटोपतं घेते. तिकडे तो मुलगा पाच मिनिटं डोळ्यांत पाणी आणून बोलतो, आणि इकडे ही म्हणते, 'तो म्हणतोय, तू बरा आहेस.' तरी मला सगळं कळलं, यावरून मालिका किती चांगली असेल ते बघ. अकरा भागांत एकानेही पुस्तक उघडलेलं नाही, म्हणजे त्यांच्या पुलांवरून जायची माझी हिंमत नाही. पण आपल्या मालिकांत तीन भागांत दोन लग्नं आणि एक खून होतो, आणि इथे एकाने दुसऱ्याचा हात धरायला पाच भाग घेतले. 'जेवलास का' एवढं विचारायला एक आख्खा भाग. आणि विचारल्यावर दुसऱ्याचा चेहरा असा काही उजळतो की माझ्या हातातली शिवण वाकडी जाते.

शिवणीवरून आठवलं. वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले आणि अर्धा भाग बघून स्टुलावर बसले ते उठेचनात. नवव्या भागात त्या दोघांतला मोठा मुलगा कायमचा परगावी निघाला, आणि त्याच गडबडीत मी वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बरं, त्यांनी तरी बघावं? तेही पडद्याकडे बघतच कोट चढवून 'छान बसलाय' म्हणाले आणि थेट कोर्टात गेले. तिथे उजवा हात खाली राहीना. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, तुमची हरकत आहे का. तिसऱ्यांदा त्यांनी नाइलाजाने हरकत घेतली आणि ती मान्य झाली. आता ते म्हणतात, हाच कोट राहू दे.

पण मोठी चूक ती नव्हे. सहाव्या भागात धाकटा मुलगा निळा शर्ट घालून येतो. मी बघताक्षणी म्हटलं, हा शर्ट याचा नाही, खांदा इंचभर उतरलाय, हा त्या मोठ्याचा. कॉलेजभर कुणाला पत्ता नाही, आणि मला लांबून कळलं. त्याच दुपारी पँटची उंची कमी करायला तुझा मुलगा आला. (अट मोडतोय. आता पत्र ठेवायचं तर ठेव.) त्याचं पहिलं झबलं मी शिवलंय, त्याचा खांदा मला पाठ आहे. त्याच्या अंगातला शर्ट खांद्यावर इंचभर उतरलेला. आणि मला आठवलं, गेली तीन वर्षं तो असे शर्ट घालून माझ्याकडे येतोय, आणि दर वेळी मी 'वाळलास रे' म्हणून ते आत घेऊन दिलेत. दुसऱ्याचे शर्ट, ताई. त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्या बिचाऱ्या उंच माणसाला त्याचे एकेक शर्ट का होईनासे झाले, ते अजून उमगलं नसेल. स्वतःच्या भाच्याचं मला जे तीन वर्षांत दिसलं नाही, ते थाई पोराचं एका मिनिटात दिसलं. मला माझी लाज वाटली.

दहाव्या भागात त्या मुलाची आई दोघांना दारात बघते आणि दार लावून घेते. मग दाराला कान लावून आतच उभी राहते. भावजय वाचायची थांबली. मी विचारलं, काय म्हणतेय ती? ही म्हणाली, 'काही नाही. अगदी वन्सं आहेत.' वकीलसाहेब तेवढ्यात चिडले. म्हणाले, लोक काय म्हणतील म्हणते, तर त्या लोकांना साक्षीला बोलवा, एकही येणार नाही.

असो. गुडघा आता लिहू देत नाही. (लिहिण्याचा गुडघ्याशी संबंध काय, असं भावजय विचारतेय.) तब्येतीला जप.

तुझा
धाकटा

ता. क. कपड्यांच्या अभ्यासाचं वर लिहिलंय ते खोटं आहे. नवव्या भागात मी रडलो.

ता. क. दुसरा. शेवटचा भाग आम्ही राखून ठेवलाय. रविवारी चार वाजता, दुकान बंद ठेवून. वकीलसाहेब, नर्सबाई, तुझा मुलगा, आणि तो उंच माणूसही येणार आहे. सकाळची बस धरलीस तर दोनपर्यंत पोचशील. त्याला पदरात घे वगैरे मी म्हणत नाही. मालिका बघायला ये. अकराव्या भागापर्यंतची गोष्ट भावजय तुला तिच्या सुरात सांगेल.

ता. क. शेवटचा. दर फोनला ठेवता ठेवता तू विचारतेस, 'तिकडे सगळे बरे आहेत ना?' ताई, माझी आणि भावजयीची चौकशी तू सुरुवातीलाच करून घेतलेली असतेस, आणि या घरात तिसरं कुणी नाही. चौदा महिने मी 'हो, सगळे बरे' म्हणतोय आणि तिकडे तू सोडलेला श्वास ऐकतोय. यापुढे मी सांगणार नाही. येऊन बघ.