थडग्यापुढची हाक

४ नोव्हेंबर
दिवाळी झाली, वस्ती रिकामी. टोळ्या ऊसतोडीला गेल्या. सकाळच्या उपासनेला म्हातारी माणसं आणि त्यांना धरून आणणाऱ्या दोन-तीन पोरी. मंडळीचे पंच जगतापकाका पहिल्या बाकावर, हनुवटी छातीला टेकलेली. दोष त्यांचा नाही. संदेश देताना मलाच माझ्या आवाजाची झोप यायला लागलीय.
जेवताना बायको, सरोज, म्हणाली, "मागच्या नाताळात नाटक बसवलं तर धरणाची अर्धी कॉलनी उभी राहून बघत होती. तुमच्या प्रवचनाला कधी कोण उभं राहिलंय का?"
नाही राहिलं. पण ते सुवार्तेचं काम झालं की नुसती करमणूक, हे अजून

७ नोव्हेंबर
आमच्या चर्चचे वरिष्ठ, सुपरिंटेंडेंट साहेब, त्यांना फोन. गावोगाव खेळ करायची परवानगी मागितली. "करा. पण शेवटी प्रभूचं नाव स्पष्ट आलं पाहिजे. माणसं टाळ्या वाजवून घरी जायला नकोत." नाताळाआधी इथला, येलदरीतला पहिला खेळ बघायला स्वतः येणार. पसंत पडला तर पालम, वालूर.
माळ्यावरून जुने ब्रश काढले. पाळक होण्याआधी जिंतुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. केस दगडासारखे कडक झालेत. रॉकेलात घालून ठेवलेत.

११ नोव्हें.
गोष्ट ठरली. दोन बहिणींचा भाऊ आजारी पडतो, त्या प्रभूला सांगावा धाडतात, प्रभू उशिरा येतो. भाऊ मेलेला, थडग्यात. प्रभू हाक मारतो आणि तो उठून बाहेर येतो. सोपी आहे, सगळ्यांना कळेल.
थोरली बहीण सरोज. धाकटी गाळली, माणसं पुरत नाहीत. मेलेला भाऊ सायमन, आपला रिक्षावाला. प्रभूचं काम करायला कोणी तयार नाही. शेवटी मीच. आरशात बघितलं. पोट सुटलंय, डोळ्यांखाली काळं. असू दे.

१९ नोव्हें.
सरोजला चिकुनगुन्या. सांधे धरलेत, भांडं उचलवत नाही. घरचं सगळं माझ्याकडे. भात करपला. पडदा अर्धाच रंगवून झालाय.
पडल्या पडल्या म्हणाली, "रुक्मिणला विचारा."
रुक्मिण मासे विकते. सरोजशी जुनी मैत्री, दुपारी येऊन बसते, सरोज सांगेल त्या गोष्टी ऐकते. आपल्या मंडळीतली नाही. श्रावणात तिचा भाऊ मारुती धरणात गेला. जाळं ओढताना वारं सुटलं, होडी उलटली. म्हटलं, तिला कसं विचारू हे? सरोज म्हणाली, "तिलाच विचारायचं."

२२ नोव्हें.
तालीम. रुक्मिणला वाचता येत नाही, म्हणून वाक्य सांगितलं: प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिनं म्हटलं, बरोबर म्हटलं. मग थांबली नाही.
"सांगावा पोचला व्हता नव्हं? मग कुटं बसला व्हता तुमी? सरूताई सांगती, पाण्यावरनं चालत आलता म्हणं. ह्या पाण्यावरनं का न्हाई आलात?"
सायमन चादर गुंडाळून पडलेला, उठून बसला. माझं पुढचं वाक्य होतं, तुझा भाऊ उठेल. मला ते आठवेना. तालीम तिथंच सोडली.
तिनं डोळे पुसले, टोपलं उचललं. "उद्या किती वाजता यायचं?"

२७ नोव्हें.
पोलीस पाटील भेटले. "पाष्टर, धर्म बदलायचं काई हाय का त्यात? लोक इचारायलेत."
"या, बसा, बघा."
"मी बगीन हो. मला वर सांगावं लागतंय."
ते माणूस म्हणून चांगले आहेत. पण दर वेळी हेच उत्तर देऊन कंटाळा येतो. आणि खरं काय सांगू? लोकांनी मानावं असं वाटतंच की. त्यासाठीच तर हे सगळं. नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर त्यांना वाटेल ते खोटं.

२ डिसेंबर
रुक्मिण पुढचा भाग करायला तयार नाही. भाऊ बाहेर आल्यावर थोरलीनं धावत जाऊन त्याची कापडं सोडायची, हसायचं, स्तुती करायची. सरळ नाही म्हणाली.
"माजी भावजय समोर बसणार हाय. तिच्यासमोर मी कुणाचा भाऊ उठला म्हणून नाचू?"
"रुक्मिणबाई, ही गोष्टीतली बहीण आहे."
"मला म्हाईत हाय. तुमाला पटलंय तर तुमी करा. माजा न्हाई उठला."
रागानं नाही बोलली. मासा केवढ्याला म्हणून सांगावं तसं.

३ डिसें.
जगतापकाका: "बाई विश्वासात नाही, तिला घेतलंच कशाला? पुनरुत्थानाशिवाय खेळ म्हणजे नुसती मयत." दुसरी बाई शोधा म्हणाले.
सरोजला सांगितलं. आता भिंत धरून चालते. म्हणाली, "तुमचा विश्वास आहे ना, तो उठला म्हणून?"
"आहे."
"मग तिच्या तोंडून कशाला वदवून घेता?"
तोड निघाली ती अशी. रुक्मिण गाऱ्हाणं करेपर्यंत राहणार, मग उतरून बायकांत जाऊन बसणार. थडग्यापुढं मी एकटा. हाक मी मारायची, कापडंही मीच सोडायची. रुक्मिणला सांगितलं. "हां, हे चालतंय," म्हणाली.

१४ डिसें.
पडदा झाला. खडक, थडग्याचं तोंड, मागं थोडं आभाळ. बरा आलाय. पाठ धरली.
झोप नीट नाही. थकवा असा की विश्रांतीनंही जात नाही.

२० डिसें.
खेळ झाला. शाळेच्या मैदानात, संध्याकाळी. माणसं लय. सुपरिंटेंडेंट साहेब खुर्चीत, शेजारी पाटील.
रुक्मिणनं गाऱ्हाणं केलं. तालमीपेक्षा कमी बोलली, हेल काढला फक्त. मयतीला बायका काढतात तसा. बायकांनी तो उचलला. मग ती खाली उतरली आणि भावजयीशेजारी मांडी घालून बसली. भावजय रडत नव्हती. पदर दातात धरून माझ्याकडे बघत होती. रुक्मिणही.
मी थडग्याकडे तोंड केलं. हाक मारायची. नाव घ्यायचं आणि बाहेर ये म्हणायचं, एवढंच. तोंड उघडलं. त्या दोघींच्या देखत ते येईना. शास्त्रात आहेच, प्रभू रडला. मी तिथंच अडकलो. खरं रडलो, हे इथं लिहून ठेवतो.
किती वेळ गेला माहीत नाही. आत सायमन गुदमरला असणार. हाकेची वाट बघून बघून आपला आपणच बाहेर आला, चादरीत पाय अडकून पडता पडता राहिला. पुढं बसलेली एक लहान पोर हसली. बाकी कोणी नाही. माणसं हळूहळू उठली, चप्पल शोधून गेली. टाळ्या नाहीत.

२१ डिसें.
साहेब सकाळी निघताना म्हणाले, "तुम्ही आजारी होता का?" नाही म्हणालो. "मग सुवार्ता कुठं होती त्यात?" पालमला आधीच कळवलंय, तेवढा खेळ होऊ द्या, त्यानंतर कमिटीपुढं या, म्हणाले. बोलणं मऊच होतं. बदली करतील किंवा नाटक बंद करायला सांगतील. दोन्हींतलं काय बरं, ठरवता येत नाही.
जगतापकाकांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. हे अनपेक्षित.

२३ डिसें.
दुपारी रुक्मिण आली. सरोजला मासे दिले, आणि दारातूनच मला:
"हाक का न्हाई मारली?"
म्हटलं, तुमच्याकडं बघून मारवली नाही. तुम्हाला बरं वाटणार नाही वाटलं.
"मी म्हणायची न्हाई म्हणलं. तुमी म्हणू नका असं कवा म्हणलं? म्या तर तेच बगायला खाली जाऊन बसले. वैनीला बी मुद्दाम आणलं. म्हणलं, पाष्टर रोज सांगतेत, बगू तरी कसं हाक मारतेत."
तिनं टोपलं उचललं. मग गेली.
सरोज मासे साफ करत होती.

२५ डिसें.
नाताळची उपासना. वस्तीतली होती नव्हती ती माणसं आली. पाटीलही येऊन मागं उभे राहिले, केक खाऊन गेले. संदेश थोडक्यात दिला. सगळा वेळ रुक्मिणचं बोलणं डोक्यात. मी तिच्यावर दया केली असं समजत होतो. कदाचित स्वतःवरच

२९ डिसें.
आज पालम. परभणीला गाडी बदलायची. पडदा टपावर टाकू देणार नाहीत, सीटखाली घालावा लागेल. सरोज पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालीय, गुडघ्याला पट्टा बांधलाय. निघताना तिनं विचारलं, "आज हाक माराल का?"
माहीत नाही म्हणालो.
फाट्यावर पोचलो तर रुक्मिण आधीच तिथं. एकटी नाही, भावजयीला घेऊन. भावजयीनं सरोजच्या हातातली पिशवी घेतली. माझ्याकडे एकदा नीट बघितलं फक्त, दुकानात नाणं उलटून बघतात तसं, आणि रस्त्याकडे तोंड केलं.
गाडी दिसायलीय. पेन ठेवतो.