पाच करवती, एक वही

मृत्युपत्र

मी, कु. यशोदा अभिमन लोहार, वय वर्षे चोवीस, शिक्षण बी.एस्सी., धंदा यंत्रदुरुस्ती, राहणार स्टेशन रस्ता, शिंदखेडा, जिल्हा धुळे, आज रविवार दिनांक ११ फेब्रुवारी १९९० रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट घरात सगळ्यांनी लिहू नको म्हणूनच सांगितले आहे. आई म्हणाली, "लगननी पत्रिका लिखाना दिन शेतस तुना, आनि तू हाई काय लिखी ऱ्हायनी?" तिला मी सांगितले की पत्रिकाही लिहू, अक्षर माझे चांगले आहे.

कारण असे की, लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे. या महिनाअखेरीस मुंबईस तिचे ऑपरेशन आहे. बहुतेक रोगी बरे होऊन घरी जातात असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि मीही तेच धरून चालले आहे. मार्चमध्ये करायची कामे दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहेत, ती कोणी पुसू नयेत. परंतु माझे वडील अभिमन लोहार, म्हणजे आबा, आणि त्यांचे जुने भागीदार हनीफ खराडी, म्हणजे माझे हनीफचाचा, हे दोघे सहा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. त्याचे खरे कारण फक्त मला ठाऊक आहे. ते माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. घर, दुकानाची जागा आणि दोन बिघे शेत आबांचे आहे, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझे म्हणावे असे एवढेच आहे: पाच साखळी करवती, एक वही, हत्यारांची पेटी, पोस्टातले बचतीचे पुस्तक आणि पदवीचे प्रमाणपत्र.

कलम २. करवतींविषयी. आमच्याकडे हिला चेनची आरी म्हणतात. पेट्रोलवर चालते, लांब पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते आणि दोन माणसांचे दिवसभराचे काम तासात करते. १९७८ साली सरकारी लिलावात आबांनी आणि हनीफचाचांनी जंगलकामातून बाद झालेल्या नऊ परदेशी करवती घेतल्या. तसले नमुने निघणे कधीच बंद झाले होते, त्यामुळे सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. आबा नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखत आणि हनीफचाचा लेथवर भाग कातून देत. चार खोलून त्यांनी पाच चालू केल्या. वादळाने रस्त्यात पडलेली झाडे, विहिरीवर कोसळलेला कडुलिंब, गोठ्यावर आडवी झालेली बाभूळ, कुठूनही बोलावणे येई. पाटीवर "अभिमन-हनीफ" असे लिहिले होते. आता "हनीफ"वर हिरवा रंग आहे, पण उन्हात खालची अक्षरे दिसतात.

१९८४ साली हनीफचाचा लेथ घेऊन एरंडोलला सासुरवाडीच्या गावी गेले. त्यानंतर आबांनी करवती भंगारात द्यायला काढल्या. मी शिकवण्यांच्या पैशातून पाचही विकत घेतल्या आणि रीतसर पावती मागितली. लेकीच्या पावतीवर सही करताना आबा म्हणाले, "आते मनी आंडेरच मनं गिऱ्हाईक व्हयनी!" ती पावती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. म्हणून या करवती माझ्या आहेत आणि त्यांची वाट लावण्याचा अधिकारही माझा आहे. पैकी चार चालतात. तीन नंबरची गोणपाटात बांधलेली आहे. तिच्याविषयी कलम ६ पाहावे.

कलम ३. वहीविषयी. चाचा गेल्यावर भाग कातून देणारे कोणी उरले नाही, तेव्हा मी दुसऱ्या यंत्रांचे भाग जुळवायला लागले. धुळ्याच्या भंगार बाजारात दर मंगळवारी मापाची पट्टी घेऊन जात असे. दुकानदार आधी हसत, पुढे माझ्यासाठी डबे बाजूला ठेवू लागले. स्कूटरचे ठिणगीचे पॉइंट एक आणि चार नंबरला बसतात, त्यांचा कान थोडा घासावा लागतो. मोपेडची रिंग दोन नंबरला चालते. कार्बोरेटरचा पडदा जीपच्या जुन्या पेट्रोलपंपातून मिळतो, त्याचे थर सोलून एकच पदर घ्यायचा. असे एकशे बारा जुळणीचे भाग मापांसह त्या वहीत आहेत. इंग्रजीतून मी एकेचाळीस पत्रे लिहिली, सात उत्तरे आली. निलगिरीतल्या एका चहामळ्याच्या भांडारपालाने चहाच्या डब्यात घालून एक कॉइल फुकट पाठवली आणि लिहिले की, तुमच्याकडे ही यंत्रे अजून जिवंत आहेत हे वाचून आनंद झाला. पदवीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला ते पत्र दाखवावे.

कलम ४. वाटप. पाचही करवती व हत्यारांची पेटी माझी आई सौ. प्रमिलाबाई हिला द्यावी. त्या शिंदखेड्याच्या दुकानातून हलवू नयेत. वही मात्र हनीफचाचांची मुलगी मुमताज हिला द्यावी. ती यंदा दहावीला आहे, तिचा हात चित्रकलेचा आहे आणि ती मापात चूक करत नाही. वही एरंडोलला राहील. वहीशिवाय करवती चालणार नाहीत आणि करवतींशिवाय वही नुसती रद्दी आहे, हे मला माहीत आहे. असे मी समजून उमजून केले आहे. वहीची नक्कल काढू नये.

आबा आणि हनीफचाचा यांना मी काहीही ठेवलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, वाद निघतात. मला साक्षीदार म्हणून हे दोघेच हवे आहेत, तेही एका टेबलाशी, एकाच वेळी.

कलम ५. यातली कोणतीही करवत उभ्या हिरव्या झाडाला लावू नये. पडलेले, वाळलेले, रस्ता अडवणारे, एवढेच कापावे. या नियमापायी दुकानाची कामे गेली, आबा चिडले, तरी मी तो मोडला नाही. माझे काका सुकदेव लोहार यांना तर करवत मुळीच देऊ नये. त्यांनी १९८७ मध्ये पडलेली बाभूळ तोडतो म्हणून दोन नंबरची नेली आणि बांधावरची उभी चिंच पाडून वखारीला घातली. मी विचारायला गेले तर माझ्या हातातल्या पान्याकडे बघून सर्वांसमोर म्हणाले, "पानाच धरना व्हता तं कालेज कसाले करं?" काकांना माझ्या पदवी प्रमाणपत्राची नक्कल चौकटीत घालून द्यावी. मूळ प्रत आईकडे राहील. ती तिला वाचता येत नाही, पण ती रोज पुसते.

कलम ६. हे कलम मी सर्वांत आधी लिहायला हवे होते.

१९८४ च्या जूनमध्ये मी पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. मी कॉलेजात जावे ही गोष्ट आबांनी एका अटीवर कबूल केली होती: दुकानात माझ्या हातून एक जरी वस्तू मोडली, तर दुकानही बंद आणि कॉलेजही बंद. एका सकाळी आबा आणि हनीफचाचा धुळ्याला गेले होते. तीन नंबरच्या करवतीचे साखळी फिरवणारे चाक झिजले होते. ते आपण बदलून ठेवावे आणि दोघांना चकित करावे असे माझ्या मनात आले. त्यासाठी आधी इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या टोकावर बसलेला क्लच सोडवावा लागतो. सगळे आटे घड्याळाच्या उलट फिरवले की सुटतात, असे मी शिकले होते. या करवतींच्या क्लचचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावा लागतो. आबांच्या हाताला हे इतके पाठ होते की बोलून दाखवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मी क्लचच्या नटाला पाना लावला, पान्याला दोन हात लांब नळी अडकवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. आतून कट् असा आवाज झाला. क्लच हलला नाही. बाहेरून काही दिसेना म्हणून मी झाकण बसवले आणि हात धुतले.

चौथ्या दिवशी फैजपूरकडे वादळ झाले. रस्त्यात पडलेला लिंब कापताना, अधिकारी आणि शंभर माणसे बघत असताना, आबांच्या हातात त्या करवतीचा तो फिरता दांडा तुटला. रस्ता मोकळा करण्याचे ते सगळे काम दुसऱ्याकडे गेले. त्या दांड्याचे टोक होळीच्या सुमारास हनीफचाचांनी वेल्डिंगने भरून कातलेले होते. घरी येऊन आबा त्यांना एवढेच म्हणाले, "तुनं कातकाम कच्चं शे." चाचांनी तुटलेला दांडा आणि क्लच हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेथ ट्रकमध्ये चढवला.

कातकाम कच्चे नव्हते. दांड्याला तडा मी पाडला. मी दाराशी उभी होते, मला बोलता येत होते आणि मी बोलले नाही. त्या गप्प बसण्यावर माझी बी.एस्सी. उभी आहे. शिकलेल्या माणसाने खरे बोलावे असे मी शिकवणीच्या मुलींना सांगते, म्हणून हे इथे स्पष्ट लिहीत आहे. हनीफचाचांची मी माफी मागते. आबांचीही मागते, कारण त्यांचा मित्र मी घालवला.

तीन नंबरची करवत मी दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेतली नाही. ~~माझ्या पश्चात एक वर्षाच्या आत आबा व हनीफचाचा यांनी ती मिळून दुरुस्त करण्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.~~

कलम ७. पोस्टातल्या पुस्तकातले जे असेल ते मुमताजच्या पुढच्या शिक्षणाला वापरावे. माझ्या साड्या आईने वाटाव्यात. काळ्या डागांची निळी साडी मात्र फाडून दुकानात हात पुसायला घ्यावी, ती त्याच कामाची आहे.

कलम ८. मी ऑपरेशनहून परत आले तर वाटपाची सर्व कलमे रद्द समजावीत. कलम ६ रद्द होणार नाही.

वाचनाच्या वेळची नोंद. वरील मजकूर आज सकाळी अकरा वाजता दुकानात मी स्वतः दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. हनीफचाचा पहिल्या एस.टी.ने आले होते. दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. कलम ६ संपले तेव्हा आबांची मान खाली होती. मग हनीफचाचा म्हणाले, "माले मालूम व्हतं."

आबांनी मान वर केली.

"नटना कोपरा उलट्या बाजूले घसायेल व्हतात," चाचा म्हणाले. "त्याच दिनले दखं मी."

"मंग सांगं का नही?"

"तू इचारं का? तू निस्तं सांगं." मग माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "आनि पोरनं कालेज बंद पडतं."

आबा उठले. मला वाटले बाहेर जातात. ते आत गेले, गोणपाटासकट तीन नंबरची उचलून आणली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली. चाचांनी चष्मा लावला, गाठ सोडली, तुटलेले टोक उजेडाकडे धरले. "हाई जोडता येवाव नही. नवंच करनं पडी."

"कर," आबा म्हणाले. "आटा कोनता ते पोरले इचारी ले."

हे दोघे असे हसलेले मी सहा वर्षांत ऐकले नव्हते. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

काम सुरू झाल्यामुळे कलम ६ मधील शेवटचे वाक्य निरर्थक झाले, म्हणून ते सर्वांसमोर खोडले आहे. खोडलेल्या जागी दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत. चाचांच्या सहीवर ग्रीसचा डाग आहे, तो खाडाखोड समजू नये.

लिहून देणार: (सही) यशोदा अभिमन लोहार
ठिकाण: शिंदखेडा. दिनांक: ११ फेब्रुवारी १९९०

आमच्या समक्ष सही केली, आम्ही एकमेकांसमक्ष साक्ष केली:

१. (सही) अभिमन लोहार, रा. शिंदखेडा

२. (सही) हनीफ खराडी, रा. एरंडोल, तिथून लेथ येऊन दांडा तयार होईपर्यंत मुक्काम शिंदखेडा