एकदम घेतलेल्या गोळ्या

बाबा,

तुम्ही खुर्चीतच पेंगलात, म्हणून उठवलं नाही. पडदा संथ हलत होता आणि तुम्ही झोपेत कोणाकडे तरी बघून हसत होतात. मला आवाज करवेना.

आठवडाभर विसरलेल्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आज एकदम खाल्ल्यात ना? वाटी रिकामी दिसली. अहो बाबा, शरीर असं साठवून ठेवत नाही! लागेल तेवढं ठेवून घेतं, उरलेलं लघवीवाटे सोडून देतं. हिरड्यांतलं रक्त अशानं कसं थांबणार? माझ्या औषधांच्या दुकानातून हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणून ठेवल्यात. रोज एकच, जेवणानंतर.

पण तुम्हाला तरी काय बोलायचं? मीही रविवारी येऊन आठवड्याचं सगळं एकदम बोलते, आणि तुम्ही ऐकता ऐकता झोपता. त्यातलं तुमच्यापाशी किती राहतं, कोण जाणे. उद्यापासून रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की घटकाभर येईन.

आई गेल्यावरही तुम्ही अजून चहाचे दोन कप भरता, हे मला माहीत आहे. आजचा दुसरा मी प्यायले. पार गार झाला होता.

उद्या गरम असताना येते.

— धाकटी