खालची रेघ

नागपूर
१२ डिसेंबर २०२४

प्रिय गोपिकास,
ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. सासूबाई ब्याण्णवाव्या वर्षीही भाजीत मीठ कमी आहे हे नुसत्या वासावरून सांगतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ऋषीच्या हाती पाठवतेय. त्याच्या धंद्याची अजून जुळवाजुळवच चालली आहे, तेव्हा आमच्या चिरंजीवांना वेळच वेळ.

तुझ्या दामिनीचं कॉलेजातलं भाषण छान झालं, नाही? साठ साली घाना आणि दक्षिण कोरिया कमाईत जवळपास सारखे होते, हे मला कुठं ठाऊक होतं? पोरांना समजावं म्हणून तिनं आपल्या दोघींचं उदाहरण दिलं. आई आणि मावशी, एकाच मांडवात लग्न, सारखीच भांडी, सारख्याच साड्या. मग फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक वर चढत गेली, दुसरी खालीच रेंगाळली. आणि तू पोटच्या पोरीच्या कार्यक्रमातून चहा न घेता निघून गेलीस.

मला वाटलं, एसटीची वेळ झाली असेल. काल तुझ्या सुशीलरावांनी फोनवर खरं काय ते सांगितलं. "पोरीनं भर सभेत मायची गरिबी दाखवली, असं म्हणून राहिली. धड जेवून नाही राहिली."

अगं, तुझी कसली गरिबी? आता सांगूनच टाकते. चहा मीही घेतला नाही. मेट्रोत तोंड फुगवून बसले होते, कारण खालची रेघ माझी होती. कोरियानं माल बाहेर पाठवला म्हणून तो वर गेला, असं ती म्हणाली ना? तुझी संत्री कळमन्याच्या बाजारात जातात, मुलगी परदेशात शिकवते. आमच्या घरून बाहेर जाते ती फक्त रद्दी. घानात म्हणे सरकारं पटापट उलथली. आमच्या स्वयंपाकघरात लग्नापासून एकदाही सत्ता बदलली नाही, तरी आम्ही खालीच.

हे सगळं मी काल इथं आमच्याकडे उतरलेल्या दामिनीला ऐकवलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"मावशी, त्या रेघा देशांच्या होत्या. तुमा दोघींले खालचीच काहून आपली वाटली?"

मग ती गच्चीवर जाऊन तुला फोन लावत बसली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि म्हणाली की गच्चीवर धूळ फार आहे.

गोपे, रविवारी तिचं विमान आहे. बॅग भरून झाली, पण तुझ्या लोणच्याच्या बरणीची जागा तिनं अजून रिकामी ठेवली आहे. बरणी घे आणि ऋषीच्या गाडीवर मागं बसून ये.

खालची रेघ तुझीच, असा हट्ट असेल तर माझी ना नाही. मी जरा सरकून बसते. आईच्या खाटेवर मावायचो तशा मावू दोघी.

तुझी,
तिथं आधीच जागा धरून बसलेली,
शोभाताई